सुजाताताईचं नाव काढून टाका

जर्मनीला जायला आंबिवलीहून निघाले त्या दुपारी अख्खी चाळ रिक्षापर्यंत आलेली. माझी मोठी बहीण, सुजाताताई, तेवढी दारातच थांबली. ल्युपसवरच्या स्टेरॉइडने तिचा चेहरा सुजला होता. "फोटोत मला घेऊ नको गं, विमानात वजन जास्त होईल," ती म्हणाली. पप्पा एवढंच म्हणाले, "शिकून ये. त्यांची होऊन येऊ नको."

ल्युपसमध्ये शरीराच्या रक्षक पेशीच शरीरावर उलटतात. स्टेरॉइड त्यांच्यासोबत सगळ्यांनाच झोडपतं, हाडांनासुद्धा. जर्मनीतल्या आमच्या लॅबमध्ये आम्ही अशी अँटिबॉडी घडवायचो, जी औषधाचा रेणू घेऊन ठरलेल्या रक्षक पेशींनाच चिकटते आणि आत शिरून तो सोडते. बाकीच्या पेशी वगळते. मी पत्रकं वाटत वाढलेली पोरगी. पप्पा डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत युनियनचे; त्यांचा दंडक होता, एकही दार सोडायचं नाही, शिव्या घालणाऱ्याचंही नाही. दारं निवडणारं हे औषध मला आधी खटकायचं. मग ताईचं झिजलेलं खुब्याचं हाड आठवायचं. पेशी निवडा, खुशाल निवडा.

पण आमच्या कंपनीने माणसंही निवडली. गुंतवणूकदारांच्या बैठकीत मी ताईची गोष्ट सांगावी, असा बॉसचा आग्रह; प्रेझेंटेशनमध्ये तिचं नावही घातलेलं. त्याच प्रेझेंटेशनमध्ये नकाशा होता, औषध विकायचे देश निळे. भारत राखाडी. का, विचारलं. "तिथे मार्केट नाही." म्हणजे ताईचं दुखणं चालतं, ताई चालत नाही.

फोनवर सांगितलं तर ती हसली. "अगं, फुकटात रडवायला मी काय सिरियल आहे? काढ माझं नाव तिथून."

मागून पप्पा ओरडले, "आणि नोकरी?"

"ती तिचं बघेल हो!"

नाव काढलं. का काढलं तेही भर बैठकीत सांगितलं. नंतर कळलं, माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीत. फार सभ्यपणे सांगितलं. त्या सभ्यपणाचीच जास्त चीड येते.

इकडे आलेल्या मित्रांनो, "आपण संशोधक, विकणं आपलं काम नाही" हे मला ऐकवू नका. कुणाचं दुखणं दाखवून पैसा उभा राहतो, ते तुम्हाला दिसतं. आणि चाळीतल्यांनो, आपली पोरगी औषध बनवते, असं विहारात सांगत फिरू नका. ते अजून तुमच्यासाठी बनत नाही.

मी परततेय. हात शिकलेत, ते कुणासाठी राबतील, हे आता मी ठरवणार. आंबिवलीत कुणी माझी वाट बघत नाही. ताई औषधाची बघतेय. तिचं ते वाट बघणं, माझ्यासाठी घर आता तेवढंच.