सत्तर पानांचा पुडा

अक्षराला हसू नका. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी तेव्हाही ओळख नव्हती. चुकांची माफी असावी. मंडळीत, म्हणजे आमच्या प्रार्थनासभेत, उभं राहून साक्ष द्यायची म्हटलं की मी मागच्या रांगेत लपते, म्हणून मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवते.

उन्हाळ्यात आमचं सगळं गाव तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडतं. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, ठेकेदाराच्या मुन्शीला द्यायचा. मुन्शी पुडे मोजतो, आतली पानं मोजत नाही. म्हणून माझ्या पुड्यात पासष्टच असायची. वरखाली मोठी, मधे चुरगळलेली. दिसायला पुडा माझ्या जावेच्या गालासारखा गुबगुबीत.

पुढे मी येशूची झाले. एका रविवारी पास्टर भाऊ म्हणाले, "लोकाइचं घेतलं ते वापस करा. नाईतर नुसतं हालेलुया म्हणून काई फायदा नाई." सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणाले. घरी पोचेपर्यंत ते आमेन माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं होतं.

नवऱ्याने चिंचोके मांडून तीन उन्हाळ्यांचा हिशोब केला. अडीच हजार. "देवाले म्हण, थोडं कमी कर," तो म्हणाला. मी प्रार्थनेत विचारलं. उत्तर आलं नाही, म्हणजे आकडा तोच. एवढ्या किमतीची घरात एकच वस्तू होती, आमची दुभती बकरी. कबुली कशी द्यायची याचा सराव मी तिच्यासमोरच केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पदर चावला.

जावेला कळलं. "काऊन वं? तू सांगशीन त मुन्शी सगळ्याइचे पुडे सोडून पाहीन. मंग आमी काय तुहं बायबल खावाव?"

"मी माह्यापुरतंच सांगीन," मी म्हणाले. ती आल्या पावली निघून गेली.

फळीवर माझी पाळी आली. "भाऊ, पैशाचं बोलाचं होतं."

"ॲडव्हान्स बंद हाये, बाई."

"पैसे..."

"सांगतलं ना, नाई भेटत!"

"घ्याचे नाईत. द्याचे हायेत. मी पासष्टच पानं बांधत होतो."

मुन्शीचं पेन थांबलं. माझ्या मागची सगळी रांग एकदम खाली बसली आणि भराभर पुडे सोडून कमी पडलेली पानं घालू लागली. सगळ्यात पुढे माझी जाऊ.

मुन्शी हळूच म्हणाला, "बाई, आमीबी शेकड्यामागं पाच पुडे जास्त घेतो, तूटफूट म्हणून. बरोबरी झाली. जा घरी."

इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. बकरी वाचली! मी मोहाच्या झाडापर्यंत जवळजवळ पळतच गेले. तिथे पाय थांबले. त्याचे पाच पुडे त्याने देवाला सांगावेत. माझी पाच पानं तर अजून माझ्याच पदरात होती. परत फिरले.

"आता काय राह्यलं?" मुन्शीने कपाळावर हात मारला.

"तुमचं तुमी पाहा, भाऊ. माहं मले द्याच लागते."

बकरी बाजारात दोन हजाराला गेली, आणि ते पैसे मुन्शीकडे. जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही सगळी कबुली तिला पाठ होती. त्या उन्हाळ्यात आम्ही काळा चहा प्यालो. नवरा रोज कपात पाहायचा आणि म्हणायचा, "हालेलुया." जाऊ महिनाभर बोलली नाही, कारण आता तिलाही सत्तर मोजावी लागत होती.

उरलेले पाचशे मी मोसमाच्या शेवटी मजुरीतून दिले. मुन्शीने नोट उन्हासमोर धरून उलटसुलट पाहिली. पाहणारच, कबुली दिलेल्या चोराची नोट. खरी निघाली.

"फिटले, बाई," तो म्हणाला, "पुरे फिटले."