खापरपणजीचे सात भाऊ

बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत ताईनं उभा जन्म काढला. "बाई, गाडी कधी सुटणार?" ह्या प्रश्नाला तिनं कधी आठी घातली नाही, पण कुणी काचेवर नाणं आपटलं, की अशी झाडायची की सगळा फलाट गप्प! निवृत्त झाली आणि हात धुऊन पूर्वजांच्या मागे लागली. भाचे-पुतणे तिलाच 'चौकशी खिडकी' म्हणायचे. म्हणेनात का! घराण्यात खापरपणजीपर्यंत पोचलं कोण? तीच ना?

थोरले दादा मात्र ऐटीत सांगायचे, "आपण मूळचे जमीनदार." कसली जमीन अन् कसलं काय! ताईनं शोध घेतला तेव्हा जुन्या रस्त्याच्या वळणावर निघाली ती एक सराई, खापरपणजीनं चालवलेली. खाली घोड्यांची पागा, वर उतारूंच्या ओळीनं खोल्या, आणि दगडी उंबरा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी मधोमध झिजलेला. त्या उंबऱ्यावर बसून ताईला रडूच फुटलं, तेही आनंदाचं. प्रवाशांचं करण्यात आयुष्य घालवणारी घरात ती एकटीच नव्हती तर!

सराईमागच्या दफनभूमीत खापरपणजीची शिळा सापडली आणि शेजारी आणखी सात. प्रत्येकीवर घराण्याचं आडनाव, खाली 'सराईवालीचा भाऊ'. आता आली का पंचाईत! खापरपणजी आईबापांची एकुलती एक. म्हणून तर सराई तिच्याकडे आली, असं जुन्या दप्तरात स्वच्छ लिहिलेलं. ताईनं वर्षभर डोकेफोड केली. चुलतभाऊ असतील, मावसभाऊ असतील, म्हणून वंशावळीच्या तक्त्यावर रेघा ओढल्या, खोडल्या. एकाचं तर तिनं लग्नसुद्धा लावून टाकलं होतं.

उलगडा झाला तो फाटकाशी. वेलींनी झाकलेली जुनी दगडी पाटी तिनं मोकळी केली: 'जागा फक्त गावच्या कुटुंबांस. वाटसरूंस ओढ्यापलीकडच्या खड्ड्यात पुरावे.' म्हणजे सराईत कुणी परका मेला, की ही बाई फाटकाशी येऊन छातीठोकपणे सांगायची, माझा भाऊ आहे म्हणून!

"धन्य गं बाई तुझी!" ताई मोठ्यानं म्हणाली. खापरपणजीला कुठं ठेवू अन् कुठं नको, असं तिला अभिमानानं झालं.

दादांना मात्र घाम फुटला. रविवारी त्यांचे होणारे व्याही येणार होते आणि तक्ता बैठकीत लावायचा होता.

"सराई-बिराई काढून टाक, जमीनदार लिही," ते म्हणाले. "आणि हे सात उपटसुंभ कोण? आडनाव म्हणजे काय चहा आहे, येईल त्याला पाजायला?"

"तक्ता लागला तर असाच लागेल," ताई म्हणाली.

"मग लागणारच नाही!"

ताईचा जीव तुटला. स्वतःची मेहनत तिनं एक वेळ गुंडाळून माळ्यावर टाकली असती. पण खापरपणजीनं ज्यांना घरात घेतलं, त्यांना हिनं स्वतःच्या हातानं बाहेर काढायचं? ती दादांना म्हणाली, "एकदा माझ्याबरोबर चल. मग तू म्हणशील तसं करीन."

दादा धुसफुसत आले. एकेक शिळा वाचत पुढे सरकले. शेवटच्या शिळेवर नावाच्या जागी 'नाव कळले नाही' एवढंच होतं. मग आडनाव. मग 'सराईवालीचा भाऊ'.

"नावसुद्धा माहीत नव्हतं तिला?"

"नव्हतं."

दादा गुडघ्यावर हात देत कसेबसे वाकले आणि शिळेभोवतीचं गवत उपटायला लागले. घरी आल्यावर ताईनं तक्ता त्यांच्या हवाली केला. शब्द देऊन बसली होती.

रविवारी ती पाण्याचे पेले घेऊन बैठकीत आली, तर तक्ता भिंतीवर! एक अक्षर बदललेलं नव्हतं. दादा व्याह्यांना बोटानं दाखवत होते, "ही आमची खापरपणजी. मोठी सराई चालवायची. आणि हे तिचे सात भाऊ."

व्याह्यांनी चष्मा वर सरकवला. "सात? सगळे सख्खे?"

ताई दारातच थबकली.

"सख्खे," दादा म्हणाले.