लग्न संध्याकाळी, पाहुणे सकाळी

माझ्या मुलीच्या लग्नाचं बजेट मी सांभाळलं होतं, हा विषय आमच्या घरात आता पाहुण्यांसमोर काढत नाहीत.

मी नांदेडला एका कॉलेजात अकाउंट्स शिकवतो. जमा आणि खर्च, दोन्ही बाजू जुळवून दाखवणं हा माझा पोटाचा धंदा. (फळ्यावर त्या नेहमी जुळतात.) तर एका रविवारी चहा पिता पिता आमच्या ऋतुजानं जाहीर केलं, "बाबा, मंगल कार्यालय नको, भटजी नको, बँड नको, आहेर नको. आदल्या दिवशी रजिस्टर लग्न करू, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एखाद्या फार्महाउसवर शंभर माणसं बोलवू. हार घालायचे, जेवायचं, संपलं. खर्च मी आणि अनिकेत मिळून करणार."

अनिकेत लातूरचा. पोरगा सोन्यासारखा, त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार अशी, की मुलीच्या लग्नात बापाला कामच नाही! मी फुगलो. कित्येक दिवस तिच्याशी 'हं' आणि 'बघू' याच्या पलीकडे बोललो नाही. शेवटी एकदा चहाच्याच वेळी माझी बायको मंगल मधे पडली.

"अगं, यांना काहीतरी दे बाई करायला. नाहीतर लग्नातसुद्धा हे असंच तोंड घेऊन बसतील."

ऋतुजानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि बहुतेक तिला ते फोटोत कसं दिसेल याची भीती वाटली. "ठीक आहे. बाबा, बजेट तुमच्याकडं. आम्ही दोघांनी पगारातून साठवलेले पैसे आहेत, याच्यावर एक रुपया जायला नको. आणि गुपचूप स्वतःचे घालायचे नाहीत. जमेल?"

"जमेल?" मी म्हणालो. "अगं, उरवून दाखवतो!"

माणसानं चहा पिताना फक्त चहा प्यावा.

जागा मला लोह्याजवळ सापडली. नांदेडकरांना आणि लातूरकरांना, दोघांनाही सारखीच गैरसोयीची, म्हणून योग्य. पुढं हिरवळ, मधे एक डेरेदार कडुलिंबाचं झाड, मागं घर, आणि घरामागं म्हशी. मालक बाबूराव बाजेवर आडवे पडून भाव सांगत होते. मी अर्थातच घासाघीस सुरू केली.

"बाबूराव, भाडं लई होतंय."

"मंग सकाळचा टाइम काढू का त्याच्यातून?"

"काढा."

"घराची किल्ली?"

"ती पण पाचनंतरच द्या."

"पाण्याची मोटर?"

"पाचनंतर!"

"बगा सर, पाच ते अकरा. पाचच्या आदी गेट उगडायचा न्हाई मी. मागून बोलायचं न्हाई."

लग्न सहाला. पाचच्या आत तिथं कोण कडमडायला येणार होतं? मी खुशीत गाडी चालवत घरी आलो. त्याच खुशीत सलीमभाई केटररला सांगितलं, की जेवण फक्त रात्रीचं, शंभर ताटं, साहित्य घेऊन चारला निघा. दुपारचं जेवणच नाही! एका फटक्यात निम्मा खर्च उडाला! मंगलला हे ऐकवलं तर ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "अहो, लग्न वेगळं असेल, पाहुणे तर तेच आहेत ना?"

मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. (पगाराच्या नोकरीत नसलेल्या माणसाला नियोजनातलं काय कळणार, असं काहीतरी मनात आलं होतं. ते मी आजवर तिला सांगितलेलं नाही.)

निलंग्याकडच्या गावात माझी थोरली बहीण असते, आक्का. तिला मी फोनवर आमंत्रण दिलं.

"दिगू, संध्याकाळी सहाला मंजे गोरज मुहूर्त हाय का रे?"

"हाव आक्का, तसंच समज. किती जण येताय?"

"घरचेच येताव की."

आक्काच्या हिशेबात 'घरचे' म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी नवीन क्रीम रंगाचा जोधपुरी घालून आरशासमोर उभा होतो. (इतक्या लवकर का, तर काळजीनं झोप लागत नव्हती.) तेवढ्यात बाबूरावांचा फोन आला.

"सर, तुमचे पाहुणे आले."

"कुठं?"

"हितं. गेटावर. उनात हुबे हायत."

"अहो, आत्ता अकरा वाजलेत! किती जण आहेत?"

बाबूराव म्हणाले, "मोजू का? मोजायचे येगळे लागतील."

लोह्यापर्यंत गाडी मी कशी नेली ते मला आठवत नाही. एप्रिलचं ऊन, कपाळावरून घाम, आणि डोक्यात एकच आकडा: शंभर उणे किती? गेटसमोर एक टेंपो, दोन जिपा आणि अख्खी गल्ली उभी होती. म्हातारी माणसं टेंपोच्या सावलीत चाकाला टेकून बसली होती. आक्का पदरानं वारा घेत पुढं आली.

"काय रे दिगू, लग्नघराला कुलूप?"

"आक्का, लग्न सहाला आहे गं."

"ते ठाव हाय की. लग्न सहाला. जेवण कदी?"

"लग्न झाल्यावर."

म्हातारी माणसं चाकावरून सरळ झाली.

"मंजे दुपारचं न्हाईच?" आक्काचा आवाज एकदम खाली आला. "अरे, पहाटं निघालाव आमी. लग्नात जेवायचंय म्हून कुणी घास खाल्ला न्हाई!"

आता काय करावं? पाहुणे उपाशी परत गेले, तर पुढं सगळं खानदान 'दिगूच्या पोरीच्या लग्नात गेटावर उभं केलं' असं म्हणणार, मेल्यावरसुद्धा म्हणणार. जेवू घातले, तर पोरीचं बजेट फुटणार. आणि खिशातले घातले तर वचन मोडणार! मी सलीमभाईला फोन लावला.

"काका, रातचं आत्ताच वाढलं तर रातीला काय वाढू?"

प्रश्न बिनतोड होता. मी बाबूरावांकडं वळलो. गेट उघडायचे त्यांनी वेगळे सांगितले. मोटरीचे वेगळे. मग लिंबाच्या झाडाकडं बघून घसा खाकरला.

"सावली तर भाड्यात होती ना?" मी ओरडलो.

"पाचनंतरची व्हती."

"पाचनंतर सावलीचं मी काय लोणचं घालू?"

"ते तुमी ठरवायचं व्हतं सर. मी आदीच बोललोवतो, मागून बोलायचं न्हाई."

आक्का हे सगळं ऐकत होती. तिनं बाबूरावांना बाजूला घेतलं. काय बोलली देवाला ठाऊक, पण गेट उघडलं, मोटर सुरू झाली, आणि मागच्या वावरातली वांगी काढायलासुद्धा बाबूराव स्वतः पाटी घेऊन निघाले. मग तिनं मला फर्मावलं, "हुबा काय ऱ्हायलास? जा, जवारीचं पीठ आण. बेसन आण, कांदे आण, मिरच्या आण. तेल इसरू नको."

मी लोह्याच्या बाजारातून सगळं आणलं, आणि पैसे माझ्या खिशातून दिले. देताना चोरी करतोय असं वाटत होतं. परत आलो तोवर दगडांच्या चुली मांडून झाल्या होत्या. बायका बाबूरावांच्या घरच्या पराती घेऊन बसल्या. पुरुष लिंबाखाली पसरले. मला काम मिळालं, चुली फुंकायचं! (काम नाही म्हणून मी फुगलो होतो ना!) फुंकणी नव्हती. तोंडानं फुंकत होतो. धूर नाकात, राख मिशीत, आणि जोधपुरी क्रीम रंगाचा होता हे फक्त मला माहीत होतं.

चारच्या सुमाराला पंगत ऐन रंगात आली होती. पिठलं, वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. नेमकी तेव्हाच गेटातून ऋतुजा आणि मंगल आत आल्या. ऋतुजा नटूनथटून, महागाची साडी सावरत. तिनं हिरवळीकडं पाहिलं. चुलीकडं पाहिलं. मग चुलीजवळच्या काळ्या माणसाला ओळखायला तिला जरा वेळ लागला.

"बाबा?"

मी उठून उभा राहिलो. "पाहुणे… लवकर आले."

"एवढे?"

"घरचेच आहेत."

"आणि हे सगळं कुठल्या पैशातून?"

"माझ्या." मी खाली बघून म्हणालो. "तुझ्या पैशाला हात लावला नाही. पण वचन मोडलं. तू म्हणशील ते मान्य."

शंभर माणसं, शांत संध्याकाळ, साधा समारंभ, तिनं वर्षभर मनात धरलेलं सगळं माझ्यामागं धुरात उभं होतं. तेवढ्यात आक्का आली आणि तिच्या हातावर भाकरी ठेवून त्यावर ठेचा घातला. "बस बाई. नवरीनं उपाशी ऱ्हाऊ न्हाई."

ऋतुजा पोत्यावर बसली, त्या साडीनिशी. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय झालं गं?" मी घाबरून विचारलं.

"तिखट आहे," ती म्हणाली, आणि सरकून मला पोत्यावर जागा करून दिली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण रात्रीचं जेवण बाकी होतं!

सहाला आम्हा दोघा व्याह्यांना सारखे गुलाबी फेटे बांधले, हार घातले, टाळ्या झाल्या, सगळं छान. मग सलीमभाईनं झाकणं उघडली. पनीर, पुलाव, गुलाबजाम, वाफ वर चाललेली. आणि समोर एक माणूस नाही! अख्खं निलंगा पिठल्यानं तुडुंब भरून खुर्च्यांवर पेंगत होतं, आणि पाचला आलेल्या नांदेडकरांनीही चुलीपाशीच हात मारला होता.

"काका, ताट हलंना," सलीमभाई कासावीस होऊन म्हणाले.

दुपारी अन्न पुरणार नाही म्हणून हात जोडणारा मी, आता उरेल म्हणून हात जोडत खुर्चीखुर्चीपाशी फिरायला लागलो. "दोन घास तरी घ्या! गुलाबजाम तरी!" आक्का म्हणाली, "दिगू, जिवावर उठलास का रे?" पोरीचे पैसे माझ्या डोळ्यांदेखत गार होत होते. शेवटची आशा लातूरकर होती. तेवढी माणसं दुपारची जेवून आली असली तरी आता भुकेली असणार. मी व्याह्यांना आग्रहानं टेबलापाशी घेऊन गेलो. त्यांनी हवेत वास घेतला.

"दिगंबरराव, चुलीवरचं पिठलं होतं म्हणतात दुपारी. उरलंय का?"

चुली परत पेटल्या! लातूरकर चुलीपाशी रांग लावून उभे. थोड्या वेळानं बघतो तर रांगेत सलीमभाईंची माणसंसुद्धा होती.

पनीर, पुलाव, गुलाबजाम सगळं आक्कानं टेंपोत चढवलं. गावात पोचल्यावर तिनं उरलेल्या गल्लीला उठवून जेवू घातलं म्हणे. म्हणजे जे लग्नाला आले त्यांनी पिठलं खाल्लं, आणि जे आलेच नाहीत त्यांनी पनीर! अकाउंट्समध्ये ही नोंद कुठल्या बाजूला करायची, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. ऋतुजाला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, जाऊ द्या. मस्त झालं." त्यानंतर दोन महिने मी तिच्या आवाजात राग शोधत होतो. सापडला नाही.

मग अल्बम आला. पानामागून पान मी चिंतेत: गेटपाशी चिंतेत, चुलीपाशी चिंतेत, हार घालताना मागं उभा तोही कपाळाला आठ्या घालून. शेवटी एक फोटो सापडला. डोक्याला गुलाबी फेटा, चेहरा कसा प्रसन्न, दिलखुलास हसू! मी धावत मंगलकडं गेलो. "बघ! आहे की नाही? मी पण मजा केली होती!"

मंगलनं चष्मा लावला, फोटो जवळ घेतला.

"अहो," ती म्हणाली, "हे व्याही आहेत."