रिकाम्या खुर्च्यांपुढची ग्रामसभा

विट्याच्या रद्दीवाल्याकडं मला ती पुस्तिका मिळाली. सभेत बोलावं कसं, हे व्यंगचित्रांतून शिकवणारी, जुन्यापुराण्या काळातली. एका चित्रात फेटेवाला वक्ता टेबलाला कवटाळून उभा, खाली ओळ: ‘टेबल पळून जात नाही.’ मी खदखदून हसले. एक चित्र मात्र नको वाटायचं. ‘भीती वाटल्यास खुर्च्या रिकाम्या समजा,’ असा सल्ला. वक्ता खूश, आणि समोर रिकाम्या खुर्च्यांवर, डोक्याच्या उंचीला, नुसत्या टोप्या तरंगतायत.

पत्रकं मी झोपेतही लिहीन, पण माईक धरला की मीही टेबल सोडत नाही. तरी बोलणं भाग होतं. कुंडलजवळच्या आमच्या गावाच्या डोंगरावर खडी क्रशर येणार होता आणि डोंगराच्या पायथ्यालाच गावाची विहीर. ग्रामसभा ‘नको’ म्हणाली तरच तो थांबणार होता.

सभेच्या दिवशी सकाळी अकराला समाजमंदिरात गेले. शंभरेक खुर्च्या मांडलेल्या, माणूस एक नाही. टेबलामागून ग्रामसेवक खणखणीत आवाजात क्रशरचा ठराव वाचत होता. “मान्य असणाऱ्यांनी हात वर करावेत.” मग त्याची नजर रांगेरांगेनं फिरली. ओठ हलत होते. तो मोजत होता.

“बहुमतानं मंजूर.”

मी पुढं झाले. “कुणी केले हात वर?”

“रजिस्टर बघा की, ताई. घरोघर जाऊन सह्या घेतल्यात. आख्खं गाव हजर हाय.”

तिसऱ्या पानावर माझ्या वडलांचं नाव होतं. आण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. शाई ताजी होती. डोक्यावरची रेघ आधी ओढून तिला अक्षरं टांगलेली. असं गावात एकच बाई लिहिते. मीच शिकवलंय तिला.

घरी आई शेंगा फोडत होती.

“आण्णांची सही तू केलीस?”

“व्हय. शिपाई दर सभेला हजेरीची वही घिऊन येतो.”

“आई, ते गेलेत!”

“म्हणून काय गैरहजर लावू?”

मी चिडून सांगितलं, त्याच सहीनं क्रशर मंजूर झाला. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग पदर खोचून ती उठली.

समाजमंदिरात तिनं वहीवर बोट ठेवलं. “ह्या नावाम्होरं मयत लिव्हा.”

“झालेल्या सभेत खाडाखोड चालत न्हाई, मावशी.”

“सभा झाली कुठं? मेलेल्या माणसाचा हात मोजलाय तुमी.” ती माझ्याकडं वळली. “म्होरलं नाव वाच.”

मी वाचलं.

“हे मागल्या दिवाळीत गेलं. म्होरलं?”

मी पुढचं वाचलं.

“हिला जाऊन तर लय दिस झालं. म्होरलं?”

मी एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले, गेलेल्यांपुढं खूण करत गेले. टेबल मी धरलंच नव्हतं. ग्रामसेवकानं मात्र टेबलाची कड घट्ट धरली होती.

“ताई,” तो रिकाम्या खुर्च्यांकडं बघत कुजबुजला, “जरा हळू वाचा की.”