खोटा डेटाबेस

ताईंची एक सवय होती. स्क्रीनवरची नजर न हलवता उजवा हात बाजूला पसरायचा आणि म्हणायचं, "दे गो." काय द्यायचं ते आपण ओळखायचं. कधी चहा, कधी चष्म्याचं घर, कधी स्टेपलर. रोह्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात ताई सगळ्यांत सीनियर. पेणहून रोज एसटीने येत आणि एकदा खुर्चीत बसल्या की जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलत नसत. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेलच. आम्ही त्याला आळस म्हणायचो, अर्थात त्यांच्या माघारी.

धाटावच्या कारखान्यांतल्या कामगारांना नेणाऱ्या बसचा प्रोग्राम आमच्याकडे होता. बस रद्द झाली की कामगारांच्या मोबाइलवर मेसेज जायचा. प्रोग्राममधला प्रत्येक क्लास, म्हणजे एकेका कामाचा कोडचा तुकडा, आपला आपण डेटाबेस, म्हणजे बस आणि कामगारांची यादी, उघडायचा. पत्ता, पासवर्ड सगळं त्याच्याच पोटात. मीही तसेच लिहिले. जुने बघून उतरवले म्हणा ना.

एका सकाळी मी बस रद्द करण्याच्या नव्या क्लासची चाचणी घेतली. चाचणीच ती, म्हणून हौसेने सगळ्याच बस रद्द करून टाकल्या. क्लासने मात्र नेहमीसारखा खरा डेटाबेस उघडला. अर्ध्या तासात ड्रायव्हरचा फोन.

"म्याडम, गाडी अष्टमी नाक्यावर उभी हाय, मानूस एक नाय. मी एकटाच ड्युटी करू काय?"

मेसेज खऱ्या कामगारांना गेले होते. कुणी रिक्षा करून गेले, कुणी घरीच परतले, त्यांचा दिवस बुडाला. मालक केबिनमधून आले तेच "उद्यापासून येऊ नकोस" म्हणत.

तेव्हा ताई उठल्या. जेवणाच्या सुट्टीआधी त्यांना उभं राहिलेलं ऑफिसने पहिल्यांदाच पाहिलं.

"तिनं माझ्यावरून उतरवलंय. पहिला क्लास मीच तसा लिहिला. काढायचं तर मला काढा."

मालक तसेच आत गेले, मला काढायचं राहिलंच. मला त्या क्षणी रडू आलं, आणि ताईंना आम्ही आळशी म्हणायचो त्याची लाज वाटली.

महिनाअखेर नोकरी सोडून ताई आपल्या मुलीकडे नाशिकला जाणार होत्या. उरलेले दिवस त्यांनी मला शेजारी बसवून एकेक क्लास दुरुस्त केला.

"अगो, इथं जो तो आपली विहीर खणत बसलाय. त्याला पाणी बाहेरून दे."

म्हणजे क्लासने डेटाबेस स्वतः उघडायचा नाही. क्लास तयार करतानाच तो त्याच्या हातात द्यायचा. एरवी खरा, चाचणीला खोटा. घेणाऱ्याला फरक कळत नाही, तो आपलं काम करतो. हा तर साक्षात ताईंचाच स्वभाव! मला हसू फुटलं.

"हसतेस काय? दे गो."

मी चहा दिला.

त्या गेल्यानंतरच्या सोमवारी मी पुन्हा सगळ्या बस रद्द केल्या. क्लासच्या हातात या वेळी खोटा डेटाबेस दिला होता, तरी बटण दाबण्याआधी यादी दोनदा तपासली. त्या खोट्या यादीत कामगार एकच, आणि त्याचा नंबर माझा. मेसेजही एकच आला, मलाच: आपली बस रद्द झाली आहे. इतक्या आनंदाने तो मेसेज कुणी वाचला नसेल. लगेच नाशिकला फोन लावला.

"चाललं ना? मग आता मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाही ताई, सांगतेय."

"बरं."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात हळूच आवाज आला, "उद्या पण सांग गो."