पोळ्यातला हल्या

पोळ्याच्या मिरवणुकीत हल्या चालत नाही, असं आमच्या गावात सांगतात. कुठं लिहिलंय, ते कुणी सांगत नाही.

बैलजोडी गेल्यापासून आमचं रान हल्याच ओढतो. हल्या म्हणजे रेडा. तण काढायचं कोळपं त्याचं, गाडी त्याची. अन् पोळ्याला तो दावणीलाच.

माझी एक मैत्रीण फिलिपाईन्सला डॉक्टरी शिकायलीय. तिनं तिथल्या एका गावच्या सणाचा व्हिडिओ धाडला. शेतात राबणारे रेडे तेल लावून, फुलं घालून मिरवायलेत. चर्चच्या दारात येऊन एकेक रेडा पुढचे गुडघे टेकतोय आणि गाव टाळ्या पिटतंय. आईनं तो पुन्हा पुन्हा लावायला लावला.

"हे बी शेतकरीच हायेत ना गं?"

"हो."

"मग आपल्याच हल्यानं कुणाचं काय खाल्लं?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला तिनं त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं. दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याची झूल घातली, शिंगांना गोंडे बांधले आणि आम्ही दोघी त्याला घेऊन वेशीत तोरणापुढं सगळ्यांच्या आधी जाऊन उभ्या राहिलो.

मागून मानाचे बैल आले. त्यांचे मालक म्हणाले, "वैनी, यमाचं वाहन घेऊन कुठं चाललाव?"

"भाऊजी, यम आमच्या रानात कोळपायला येत न्हाई. ह्यो येतो."

लोक हसले. मागून एकजण मला ओरडला, "ए पत्रकवाले, आता म्हशींचा मोर्चा काढ!"

"काढते. तुमी घोषणा द्यायला या."

मी बाजारात मोर्च्यांची पत्रकं वाटणारी. भाषण तोंडात तयारच होतं, पण हलगीच्या दणक्यात ऐकतो कोण?

"बाजूला घ्या. आदी मानाचे बैल जाऊ द्या, मग बघू," मालक म्हणाले. हे 'मग बघू' आम्ही ओळखून आहोत. पण आम्ही काही बोलायच्या आत हल्याला वेशीच्या तोंडातला चिखल दिसला आणि तो झुलीसकट त्यात बसला. वाट बंद. मागं सगळ्या गावचे बैल.

एकानं काठी उगारली. आई मधी आली. "आज पोळा हाय. आज जनावरावर काठी उगारायची न्हाई. तुमचीच रीत हाय ना ही?"

काठी खाली आली.

"मग तुमी उठवा की!"

"तोरणाखालून न्यायचं असंल तर उठवते. माघारी न्यायला न्हाई."

हलगी थांबली. बैल खुरं आपटायले. मालकांनी आभाळाकडं पाहिलं, चिखलाकडं पाहिलं. "न्या बाई, न्या आत!"

आईनं पदराखालून पुरणाची पोळी काढून त्याच्या नाकापुढं धरली. त्या व्हिडिओतल्या रेड्यांना गुडघे टेकायला शिकवतात म्हणे. आमचा उठला, चिखल गाळत, मानाच्या बैलांच्या पुढं, तोरणाखालून गेला.

गेल्या पोळ्याला मान गेला म्हणून काहीजण अजून फुगून आहेत. फुगू द्या. परवा वरच्या आळीतली एक काकू दारात आली. हळूच म्हणाली, "औंदा आमचा बी हल्या आणू का गं?"

मी म्हणलं, "आणा की. वेशीत चिखल असतोच."