माणसं दोन, दुखणं एक
फोनच्या घड्याळात मराठी आकडे दिसले की गुडगावच्या ऑफिसातला तो दिवस आठवतो. दहावीआधीच शाळा सुटलेल्या मला तिथल्या मराठी मॅडमनी बिलं भरायच्या एका ॲपच्या तक्रारी तपासायला ठेवलं होतं. बिघाड एकच असेल तर तक्रारी एकत्र जोडायच्या. चुकीच्या जोडल्या तर नोकरी जाईल, ही सतत धास्ती. त्या दिवशी एकाचं बिल उघडत नव्हतं, दुसऱ्याचं ॲप तारीख टाकताच बंद पडत होतं. पण दोघांच्याही स्क्रीनच्या फोटोत आकडे मराठी! "मॅडम, हे एकच आहे!" मी ओरडलेच. त्यांनी स्वतःचा फोन मराठीत करून पाहिला, तर दोन्ही बिघाड तिथेही झाले. ॲपला आपले आकडे वाचताच येत नव्हते. "अरे यार, बिल्कुल! जोड दोन्ही. आणि घरी कळव, नोकरी पक्की." मी आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माणसं दोन, दुखणं एक?" आजही तक्रारी जोडण्याआधी मी आईचाच प्रश्न स्वतःला विचारते.